आग विझवायचं नळकांडं घेऊन लातूरला

पुण्याहून लातूरला जायला रेल्वे आहे, एसटी आहे, रात्रभर सिनेमे दाखवत नेणाऱ्या खाजगी बस आहेत. एवढी सोय असताना मे महिन्यात विजेवरच्या गाडीनं लातूरला निघायचं, आणि तेही जगदाळे काकांना शेजारी बसवून, याला आमच्या घरात कुणी शहाणपणा म्हटलं नाही. आमच्या घरात म्हणजे मंजिरीनं. ती माझी बायको. "तू ही गाडी घेतलीस त्या दिवसापासून मी या विषयावर बोलणं सोडलंय," असं ती म्हणते आणि मग त्याच विषयावर बराच वेळ बोलते.

जगदाळे काका आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीचे चेअरमन. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात, सुरक्षा विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. ज्या माणसानं उभी हयात स्फोटकांच्या शेजारी बसून डबा खाल्ला, तो माझ्या गाडीला घाबरायचा. पार्किंगमध्ये चार्जर बसवायची परवानगी मी गाडी आणल्यापासून मागत होतो, आणि काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "माझ्या गॅलरीखाली बॉम्ब नको." ते पहिल्या मजल्यावर राहतात आणि माझी पार्किंगची जागा बरोबर त्यांच्या गॅलरीखाली आहे. बिल्डरनंही विनोदबुद्धी कुठे वापरावी याला काही धरबंध ठेवला नव्हता.

परवानगी नाही म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जाड वायर खाली सोडायचो. ज्या प्लगला मिक्सर, त्याच प्लगला गाडी. त्यामुळे चटणी वाटायची की खराडीला ऑफिसला जायचं, हे रोज सकाळी ठरवावं लागायचं. त्यात रात्री दहा वाजले की काका खाली येऊन गाडीची पिन काढून टाकायचे. देखरेखीला माणूस नसताना विद्युत उपकरण चालू ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा होती आणि माझा अर्ज तिथं शेवटचा एकदा येणार होता. या खेपेला नकार आला तर गाडी विकायची, असं मंजिरीनं सांगून टाकलं होतं. मला ती गाडी मनापासून आवडते. सिग्नलवरून ती आवाज न करता सुटते तेव्हा मला अजूनही विशीत असल्यासारखं वाटतं, आणि पन्नाशीच्या दारात असं वाटायला लावणाऱ्या फार वस्तू माझ्याकडे उरलेल्या नाहीत.

सभेच्या आधीच्या गुरुवारी लातूरला काकांच्या धाकट्या बहिणीची वास्तुशांत होती. त्यांचं रेल्वेचं तिकीट वेटिंगमधून हलेना. हे कळल्यावर मी जिन्यातच त्यांना गाठलं.

"काका, मी सोडतो. बुधवारी जाऊ, गुरुवारी दुपारी निघू."

"त्या गाडीतून?"

"अगदी आरामात पोचतो."

"आरामात नको. पोचलं तरी पुष्कळ आहे."

एवढ्या लांबच्या प्रवासात गाडीचं कौतुक वाटलं की रविवारचा प्रश्न मिटला, असा माझा साधा हिशेब होता. बुधवारी सकाळी काका खाली आले तेव्हा त्यांच्या एका हातात बॅग होती, काखेत आहेराचं पुडकं होतं आणि दुसऱ्या हातात आग विझवायचं लाल नळकांडं होतं. मी म्हटलं, ते डिकीत ठेवू. काका म्हणाले, "आग लागल्यावर डिकी उघडत बसू का?" नळकांडं मांडीवर घेऊन त्यांनी त्यावरून पट्टा लावला.

गाडी सुरू केली तर बॅटरी फक्त साठ टक्के. आदल्या रात्री दहाला पिन निघाली होती.

"काका, आज प्रवास होता. कालचा दिवस राहू दिली असती."

"नियम नियमच असतो. प्रवास तुझा आहे."

हडपसरची वाहतूक कोंडी ही विजेवरच्या गाडीसाठी खरं तर पर्वणी. उभं राहिलं तर काही जळत नाही. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ही गाडी उभी असताना चांगली." लोणी काळभोर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना उसाचे पट्टे आणि मध्येच कॉलेजांच्या काचेच्या इमारती दिसायला लागल्या. मला वाटलं आता काका खिडकीबाहेर बघतील. ते समोरच्या पडद्यावरचा आकडा बघत होते.

"कमी होतोय."

"पेट्रोलही कमी होतं की काका."

"पेट्रोलचा काटा आडून आडून सांगतो. हा तोंडावर सांगतो."

पुण्यातल्या माणसाला तोंडावर सांगण्याचा त्रास होतो, हे मी प्रथमच पाहत होतो.

भिगवणला चार्जिंगची जागा होती, जेवायचीही. उजनीचं पाणी मे महिन्यात मागे सरकलेलं, काठावर फाटलेली जमीन आणि लांबवर पांढरे ठिपके. ते पक्षी आहेत की प्लॅस्टिकच्या पिशव्या यावर आमच्यात थोडा वाद झाला. हॉटेलच्या अंगणात एका पत्र्याच्या शेडखाली चार्जर होता आणि शेडखाली एक पांढरी पेट्रोलची गाडी होती. तिच्या मागे हिंजवडीचा एक तरुण आपली विजेवरची गाडी घेऊन उभा होता. "सर, मी ऑलरेडी वेटिंगला आहे," तो म्हणाला. "आतले काका लंच संपवून हलले की माझी फोर्टी मिनिट्स, मग तुम्ही. चिल."

पांढऱ्या गाडीचे मालक आत चिलापी (उजनीतला मासा, इथे तिखट रश्श्यात मिळतो) खात होते. मी काही बोलायच्या आत जगदाळे काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"आपली गाडी पेट्रोलची ना?"

"हो. का?"

"मग चार्जरखाली का लावलीत?"

"सावली आहे तिथं."

"सावली स्मशानातही असते. तिथं लावता का?"

त्या गृहस्थांनी यानंतर दुसरा मासा मागवला. मला मात्र बरं वाटलं. काका पहिल्यांदाच आमच्या बाजूनं भांडले होते, निदान पेट्रोलच्या विरुद्ध तरी. आम्हीही मासा खाल्ला, तो उत्तम होता, आणि शेड काही रिकामं होईना म्हणून तसेच पुढे निघालो. टेंभुर्णीच्या पुढे कुर्डुवाडीच्या रस्त्याला एका ढाब्यावर दुसरा चार्जर होता. तिथवर पोचायचं तर एसी बंद करणं भाग होतं.

"काका, जरा नैसर्गिक हवा घेऊ."

काच खाली केली. नैसर्गिक हवा आली ती भट्टीचं दार उघडल्यासारखी. काकांच्या मांडीवरचं नळकांडं तापलं, म्हणून त्यांनी त्याच्याखाली आहेराचं पुडकं ठेवलं. इंदापूर आलं. तेव्हा ते म्हणाले, "हिला एसी आहे, हे तुला घेताना सांगितलं होतं का?"

ढाब्यावर पोचलो तेव्हा आकडा लालभडक झालेला होता, पण चार्जर रिकामा होता, चालू होता, वर निळा दिवा होता. देव आहे, असं मी मनात म्हटलं. केबल जोडली, खट्कन आवाज आला, आकडे चढायला लागले. मी काकांकडे विजयी नजरेनं पाहिलं. काका त्या वेळी शेजारच्या बाजेवरच्या ट्रकवाल्यांच्या बिड्या विझवून घेत होते. मग त्यांनी मला खिसे उलटे करून दाखवायला लावले. खिशात रुमाल आणि घराची किल्ली निघाली. किल्लीवर ते थोडा वेळ विचार करत होते.

मी चहा सांगायला आत गेलो. बाहेर आलो तर निळा दिवा गेलेला. चार्जरच्या पोटावर संकटकाळी दाबायचं एक मोठं लाल बटण असतं. काकांचा अंगठा त्यावर होता आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

"चाललं," ते म्हणाले.

"काय चाललं?"

"थांबवायचं बटण. काम सुरू करण्याआधी थांबवायचं बटण तपासायचं, ही आमची पद्धत. रोज सकाळी, प्रत्येक मशीनचं. ते मी करणारच होतो, तू घाईघाईनं सुरू केलंस."

"काका, आता चालू कसं करायचं?"

"ते तुम्हा लोकांना माहीत."

बटण फिरवून पाहिलं, ओढून पाहिलं, मोबाइलवर नाना प्रकारे विनवून पाहिलं. पडद्यावर फक्त एक लाल त्रिकोण. कंपनीच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी माझ्या गैरसोयीबद्दल हिंदीत खेद व्यक्त केला, तक्रार नोंदवली आणि माझा दिवस शुभ जावो म्हणाल्या. ढाब्याचा मालक शांतपणे बघत होता.

"त्ये बटन कुनी दाबत न्हाई सायेब," तो म्हणाला. "दाबलं की सोलापुरास्नं मानूस यावा लागतोय किल्ली घिऊन."

"कधी येतो?"

"मागल्या टायमाला चार दिसांनी आला व्हता."

माझ्या तोंडात जे शब्द आले ते मी गिळले, कारण सभा रविवारी होती. तरी काकांकडे मी ज्या नजरेनं पाहिलं तिचा अर्थ कुणालाही कळला असता. परवानगीचा विषय संपला, असं मी धरून चाललो. भर उन्हात, परक्या गावात, गाडी बंद. चेअरमनला याहून चांगला पुरावा कोण देणार? आणि तो पुरावा त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं तयार केला होता. मला मनापासून रडू येत होतं.

ढाबेवाल्यानंच तोड काढली. वाकडी वाट करून दीड-दोन किलोमीटरवर त्याच्या मावशीची पिठाची गिरणी होती, तिथं जाड पिनेचा प्लग होता. तिथं आम्ही चालण्याच्या वेगानं पोचलो. गिरणीच्या दारात डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झालेल्या शेवंताबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात, पिठामुळे अंदाज येत नव्हता.

"गाडी दळायची हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या जवळची साधी चार्जिंगची वायर दाखवली, अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, लावा की. मग वायर आत नेत असताना त्यांचा पुढचा प्रश्न आला, "आन् लाइट गेली म्हंजी?"

"मग थांबायचं."

"मंग बैलगाडी काय वाईट व्हती?"

काका प्रवासात पहिल्यांदा हसले. ते हसू गिरणीच्या आत पाऊल टाकेपर्यंतच टिकलं. आत हवेत पीठ तरंगत होतं आणि छताला उघडा बल्ब होता. काकांचा चेहरा पांढरा पडला. पीठ अजून त्यांच्यावर बसायचं होतं.

"बाई, हवेत पीठ दाट झालं आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. खिडकी उघडा. आधी खिडकी उघडा!"

"तीस वर्सं दळतीया म्या. अजून उडली न्हाई."

"म्हणून काय आज उडायचं?"

शेवंताबाईंनी खिडकी उघडली. पटलं म्हणून नव्हे, म्हाताऱ्या माणसाला ऊन लागलं असेल असं समजून. शिवाय त्याच कारणानं त्यांनी ताक आणून दिलं आणि बरोबर धपाटं (ज्वारीच्या पिठाचं, तीळ लावून थापलेलं तिखट) दिलं. काकांनी नळकांडं गाडी आणि गिरणी यांच्या बरोबर मध्ये ठेवलं, म्हणजे आधी कुणीही पेटलं तरी सोय. मग आम्ही बाहेर लिंबाखाली पोत्यावर बसलो. गाडीचा आकडा गोगलगाईच्या चालीनं चढत होता, आणि बराच वेळ बसायचं होतं.

राग आवरून मी विचारलं, "काका, एवढी कसली भीती वाटते तुम्हाला? तिकडे खडकीला कधी काही झालं होतं का?"

"काही नाही. माझ्या काळात माझ्या विभागात एक बोट भाजलं नाही कुणाचं."

"मग?"

"मग काय? काही झालं असतं तर पेपरात आलं असतं. काही झालं नाही, याचा कुणी सत्कार करत नाही." त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला. "सुमन रोज संध्याकाळी गॅलरीत उभी असायची. माझी सायकल, नंतर स्कूटर, वळणावर दिसली की आत जायची. हात नाही, हाक नाही. आत जाऊन चहा टाकायची. मी म्हणायचो, कशाला उभी राहतेस? तर म्हणायची, वारा खातेय. पाऊस असला तरी वारा खायची. निवृत्त झालो त्या दिवशी ती पहिल्यांदा गॅलरीत नव्हती. आत झोपली होती भर संध्याकाळी. केवढी गाढ झोपली होती."

सुमनकाकू जाऊन तीन वर्षं झाली. त्या गॅलरीत मी त्यांना शेकडो वेळा पाहिलं असेल, आणि सोसायटीत कोण कधी येतं यावर लक्ष ठेवतात, असंच मला वाटायचं. मंजिरीला मी तसं बोलूनही दाखवलं होतं. लिंबाखाली मला त्या बोलण्याची लाज वाटली आणि मी ताकाचा पेला तोंडाला लावला.

"तुझी गाडी कशी चालते ते मला बघायचंच नव्हतं," काका थोड्या वेळानं म्हणाले. "चालतात सगळ्याच. थांबते का, हे कुणी दाखवत नाही. ते बटण मात्र चांगलं आहे. एकदा दाबलं की कुणाच्या बापाला चालू होत नाही. असं बटण मला नोकरीत हवं होतं."

ज्या बटणानं आमची दुपार खाल्ली, त्याच्यावर हा माणूस खूश होता.

निघताना शेवंताबाई विजेचे पैसे घेईनात. त्यांना गाडीतून एक चक्कर हवी होती. चावडीपर्यंत नेऊन आणलं. मी अभिमानानं म्हटलं, "बघा, आवाज अजिबात नाही."

"गिरणीत कान गेल्यात माजं," त्या म्हणाल्या. "मला कुटल्याच गाडीचा येत न्हाई."

बार्शीला चार्जर सुरळीत होता. काकांनी बटणाकडे प्रेमानं पाहिलं आणि हात मागे बांधून उभे राहिले, हा त्यांचा त्या दिवसातला सर्वांत मोठा त्याग. येडशीच्या घाटात सूर्य मावळत होता, डोंगर तांबूस दिसत होते आणि बॅटरी भरपूर होती म्हणून एसी लावला होता. जेवणाच्या वेळेला लातूरला पोचलो. काकांच्या बहिणीनं दार उघडलं. तिच्यासमोर पीठ लागलेले दोन पुरुष, चुरगळलेलं आहेराचं पुडकं आणि लाल नळकांडं. "दादा, वास्तुशांतीला हे आणतात का?" तिनं विचारलं. काका म्हणाले, "घरात असावं." दुसऱ्या दिवशी होमाच्या वेळी नळकांडं गुरुजींच्या शेजारी ठेवलेलं होतं आणि गुरुजी नेहमीपेक्षा भरभर मंत्र म्हणत होते, असं बहिणीचं मत पडलं.

परतीच्या वाटेवर सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि काकांच्या हिशेबात हीच त्या वाटेची थोरवी. हडपसरला पुन्हा कोंडीत अडकलो. काका म्हणाले, "उभी असताना चांगली आहे." या वेळी त्यांनी ते कौतुकानं म्हटलं, असं मी समजून घेतलं. सोसायटीत उतरल्यावर त्यांनी बॅग घेतली आणि नळकांडं सीटवरच ठेवलं. मी आठवण केली तर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. मला काय, मी चालत फिरतो." रविवारबद्दल मात्र एक अक्षर बोलले नाहीत, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

सभेत माझा अर्ज वाचल्याबरोबर मागच्या रांगेतून प्रश्न आला, "रात्री पेटली तर काय करायचं?" सगळे चेअरमनकडे बघायला लागले, कारण हा प्रश्न इतके दिवस तेच विचारत होते. मंजिरीनं माझ्याकडे न बघता पर्स मांडीवर घेतली.

काका उभे राहिले. "मी स्वतः तपासून आलोय. बंद होतं. इतकं बंद होतं की चालूच होत नाही. चार्जरला लाल बटण पाहिजे, दोन वाळूच्या बादल्या पाहिजेत, आणि बटण रोज सकाळी तपासायचं काम याचं. मंजूर असेल तर हात वर करा. नसेल त्यांनी घरचा गॅस शेवटचा कधी तपासला ते सांगा."

सगळे हात वर गेले. वाळूच्या बादल्यांत आता लोक येता-जाता पान थुंकतात. त्या साफ करायचं कामही माझंच, हे नंतर कळलं. मंजिरीचा मिक्सर मिक्सरच्या जागी परत आला. ती म्हणते, चटणीला अजून गाडीचा वास येतो.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी खराडीहून येऊन फाटकातून वळलो की काका गॅलरीत उभे दिसायला लागले. मी पिन लावायचो, निळा दिवा लागायचा, आणि काका आत जायचे. हात नाही, हाक नाही. एकदा कोंडीमुळे मला फार उशीर झाला, तरी उभेच. मी खालून विचारलं, "काका, अजून बाहेर?"

"वारा खातोय."

मी पिन लावली.

गेल्या आठवड्यात मी आलो तर गॅलरी रिकामी होती. आत दिवा नव्हता. पिन लावली, निळा दिवा लागला, वर हालचाल नाही. बेल वाजवून आलो, फोन लावला, तो घरातच वाजत होता. वॉचमन म्हणाला, बाहेर गेलेत. मंजिरीनं खिडकीतून जेवायला बोलावलं. मी म्हटलं, येतो. दिवेलागण होऊन गेली होती. मी फाटकाच्या तोंडाशी उभा राहिलो, मग थोडा आत आलो, मग पुन्हा फाटकाशी.

अखेर काका वळणावर दिसले. हातात औषधांची पिशवी, चाल नेहमीसारखी. मी घाईनं गाडीकडे वळून उगाच पिन हलवून पाहिली.

"पिन लागलीय ना?" त्यांनी विचारलं. "मग इथं काय करतोयस?"

"काही नाही," मी म्हटलं. "वारा खातोय."

काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पार्किंगमध्ये कसला आलाय वारा," ते म्हणाले, आणि सावकाश जिना चढायला लागले. वर दिवा लागेपर्यंत मी थांबलो.